सह्याद्रीच्या आडवाटेवर मुक्काम: तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून निघून घाटमाथ्यावर किंवा कोकणात उतरणाऱ्या वाटांवर स्वतःच्या पाठीवरच्या सामानावर एक-दोन रात्री काढायच्या असतील, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. पवना धरणाच्या काठी आयते लावलेले तंबू, बार्बेक्यू आणि गिटार असा बेत असेल तर यातलं फारसं काही लागणार नाही.

सगळं पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे, मग एवढी तयारी कशाला?

जखमी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणायला किती तास लागतील, हे आधी मोजा. स्वारगेटपासूनचं अंतर त्यानंतर. मोहरी गावातून लिंगाणा सुळक्याकडे बोराट्याच्या नाळेत, म्हणजे कड्यातल्या उभ्या, अरुंद घळीत उतरताना एखाद्याचा घोटा मोडला, तर त्याला वर आणणं आणि खाली नेणं सारखंच अवघड आहे. स्ट्रेचर धरायला एका वेळी सहा माणसं लागतात, शिवाय बदली माणसं. नाळेतल्या दगडधोंड्यांवर एरवी तासाभराची वाट चार-चार तास खाते. त्यात रेंज नसते, म्हणून मदत मागायला कुणालातरी चालत जावं लागतं. पुढची सगळी उत्तरं हा हिशेब धरूनच दिली आहेत.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर असतं, पण गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं. त्यात वाट दिसत नाही, साप दिसत नाही आणि दुपारचं ऊन तापदायक असतं. नोव्हेंबरपासून गवत वाळतं आणि कुसळांचा छळ सुरू होतो. मोज्यांत घुसलेली कुसळं पावलागणिक टोचतात, म्हणून पायावर गेटर (बूट आणि पोटरी झाकणारं कापडी आवरण) चढवा किंवा निदान पँट मोज्यात खोचा.

फेब्रुवारी सरताना कातळात खोदलेली पाण्याची लहान टाकी आटायला लागतात. मार्च ते मे या काळात मुक्काम करायचाच असेल तर पाण्याची पक्की खात्री असलेलं ठिकाणच घ्या आणि पहाटे चारला चालायला लागा. अकरानंतर उघड्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर असणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. डिसेंबर-जानेवारीत अडचण उजेडाची असते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. म्हणजे पाच वाजता तंबूची जागा हाती असायला हवी.

पावसाळ्यात तंबू नेऊ नका. मंदिर, शाळा किंवा गावातलं घर गाठता येत असेल तरच रात्रीचा बेत करा.

पहिल्याच वेळी कुठे जावं?

जिथे हाकेच्या अंतरावर माणसं राहतात तिथे. भोरजवळचं रायरेश्वर पठार यासाठी उत्तम आहे. पठारावर कायम वस्ती आहे, पाणी आहे, जेवण सांगता येतं आणि काही विसरलंच तर रात्र निभावून जाते. पुढचा टप्पा म्हणून वेल्ह्याच्या पुढे केळद आणि मढे घाटाचा परिसर, मग त्याच भागातली मोहरी आणि सिंगापूर ही गावं. अलंग-मदन-कुलंग हे किल्ले किंवा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड ही नावं पहिल्या यादीत नकोत. तिथे दोर हाताळणारी माहितगार माणसं बरोबर लागतात आणि पूर्ण भरलेली सॅक घेऊन चढण्याची सवयही.

परवानगी लागते का?

बहुतेक ठिकाणी हो, आणि ती कुणाची हे जागेवर अवलंबून आहे. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना, कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्यं आहेत. तिथे वनविभागाच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं, आणि रात्री राहायला परवानगी असेल तरी ती ठरवून दिलेल्या जागीच असते. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. बामणोलीहून बोटीने जाऊन त्याच दिवशी परतायचं असतं, मुक्काम चालत नाही. गडांचं वेगळं. रायगडासारखी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्तच खुली असतात. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये राजगड, लोहगड, शिवनेरीही आहेत, तेव्हा 'आम्ही कॉलेजात असताना देवळात झोपायचो' हा दाखला आता उपयोगाचा नाही. निघण्याआधी गडाच्या पायथ्याच्या ग्रामपंचायतीला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला फोन करून आजचा नियम विचारा.

पावसाळ्यात धबधबे, घाट आणि धोकादायक ठिकाणी जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. ते मोडल्यास गुन्हा दाखल होतो. आयोजक संस्थेबरोबर जात असाल तर ती पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे जरूर विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ही नोंदणी आहे.

शेकोटी पेटवता येईल ना?

जंगलात नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम मानला जातो, पण डिसेंबरचं वाळलं गवतही एका ठिणगीवर डोंगराची अख्खी सोंड जाळतं. कड्याखाली किंवा गुहेत शेकोटी तर मुळीच नको. कारण खाली मधमाश्यांच्या उत्तरात आहे.

पाणी किती न्यायचं?

मुक्कामाचा सगळा आराखडा पाण्याभोवती आखायचा, म्हणून हे उत्तर लांबलचक आहे.

हिवाळ्यात दिवसभर चालताना माणशी तीन लिटर, संध्याकाळ ते सकाळ पिण्याला एक आणि स्वयंपाकाला अर्धा ते एक लिटर, असे २४ तासांचे साधारण पाच लिटर धरा. एप्रिलमध्ये सहा. मुक्कामी भरवशाचं पाणी असेल तर पायथ्यापासून तीन लिटर पुरतात. नसेल तर पाचही पाठीवर. हेच पाच किलो पुढे बूट, सॅक आणि चालीचा वेग ठरवतात.

'भरवशाचं' कसं ओळखायचं? नकाशातलं टाकं किंवा कुणीतरी दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं टाकं याला भरवसा म्हणत नाहीत. पायथ्याच्या गावात गुरं राखणाऱ्या माणसाला विचारा. 'पाणी आहे का?' असं विचारलं तर बहुधा 'हाय की' असं उत्तर येतं. त्याऐवजी 'आत्ता तुम्ही स्वतः कुठलं पाणी पिता? ते कधीपर्यंत टिकतं?' असं विचारा. खांबटाकी, म्हणजे कातळात आत खोदून खांब सोडलेली टाकी, सावलीत असल्याने उशिरा आटतात. उघडी तळी आधी आटतात आणि त्यांत म्हशी बसतात. धारेवरच्या वाटा तर कोरड्याच समजायच्या. राजगड-तोरणा करताना राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरल्यापासून तोरण्याची बुधला माची गाठेपर्यंत भरवशाचं पाणी नाही. आणि ती चाल सहा-आठ तासांची आहे.

टाक्याचं पाणी आधी सुती कापडाच्या चार पदरांतून गाळा. गढूळपणा राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. मग एक मिनिट खळखळून उकळा. सह्याद्रीच्या उंचीला तेवढं पुरतं. उकळायला गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा, आणि पाणी फार थंड असेल तर तासभर. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण काही चिवट परजीवी टिकतात, म्हणून जमेल तेव्हा उकळलेलंच बरं.

पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये ठेवू नका. फुटला, बूच सैल राहिलं, सॅक कड्यावरून घरंगळली की सगळं गेलं. एक-एक लिटरच्या चार-पाच बाटल्या घ्या. वजनाने हलक्या, पिऊन किती झालं हे कळतं आणि आपसांत वाटताही येतं.

जेवण काय आणि गॅस किती?

पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण घरून. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी. दशमी दोन दिवस सहज टिकते, पोळी दुसऱ्या दिवशी चिवट होते. चालताना खायला शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिरा लाडू. कोरडा शिधा माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम धरा.

रात्री खिचडीला पर्याय नाही. चौघांना ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम मूगडाळ आणि दोन लिटरच्या आसपास पाणी. तंबू लावायला घेण्याआधी तांदूळ-डाळ भिजत घाला. अर्ध्या तासात शिजण्याचा वेळ बराच खाली येतो. तिखट, मीठ, हळद आणि फोडणीचा मसाला एकाच पुडीत घरूनच मिसळून आणा. तुपाची छोटी बाटली दुहेरी पिशवीत. सकाळी कांदेपोह्यांपेक्षा उपमा सोयीचा, कारण पोहे भिजवून निथळायला पाणी वाया जातं. घरी भाजून फोडणी दिलेला रवा आणला की एका वाटीला तीन वाट्या उकळतं पाणी, झालं. पोट बिघडलं तर मेतकूट-भात.

छोट्या स्टोव्हवर एक लिटर पाणी उकळायला शांत हवेत १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. वाऱ्यात तोच खर्च दुप्पट होतो. म्हणजे २३० ग्रॅमचा कॅन कागदावर पंधराएक लिटर, प्रत्यक्षात दहा-बारा. चौघांचं एक रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि तीनदा चहा यात एक कॅन जवळजवळ संपतो, म्हणून दुसरा बरोबर ठेवा. चार किंवा जास्त माणसं असतील तर छोटा कुकर नेणं परवडतं. वजन वाढतं, पण गॅस वाचतो.

इथे तीन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे स्टोव्ह आट्यांचा आणि कॅन लांबट नळकांड्यासारखा. ते एकमेकांना बसत नाहीत, आणि हे बहुधा डोंगरावर कळतं. घरी जोडून, पेटवून बघा. दुसरी, वारा अडवायला पत्र्याचा आडोसा कॅनच्या चहूबाजूंनी गुंडाळणं. कॅन तापतो आणि फुटू शकतो. आडोसा वाऱ्याच्या बाजूनेच, कॅनपासून लांब. तिसरी, थंडी वाजते म्हणून तंबूच्या आत स्टोव्ह. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो.

पहाटे ज्योत मंद वाटली तर कॅन बिघडलेला नाही. ब्यूटेन थंडीत कमी दाबाने येतो. चहाच्या आधी पंधरा मिनिटं कॅन जॅकेटच्या आत धरा. आणि रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा कॅन गाडीत नेता येत नाही, हे लक्षात ठेवून बेत करा.

सॅक किती जड असावी?

शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला बारा-तेरा किलो. एका रात्रीसाठी हिशेब असा बसतो: पाणी ४ किलो, रिकामी सॅक १.८, तंबूतला आपला वाटा १.३, स्लीपिंग बॅग १.३, मॅट ०.४, शिधा १.२, स्टोव्ह-भांडी-गॅसचा वाटा ०.६, कपडे १.५, बाकी सटरफटर १. बेरीज १३.१. यात दुसरी जीन्स, ब्लूटूथ स्पीकर आणि अर्धा किलोचं चिवड्याचं पाकीट नाही, हे पाहून घ्या. सॅक ५० ते ६० लिटरची, कमरेचा पट्टा असलेली. पट्टा पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर आवळायचा. जड वस्तू पाठीला लागून मधोमध. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला. बाहेरचं रेनकव्हर करवंदीच्या जाळीत फाटतं.

बूट कोणते?

ओल्या कातळावर आणि घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या उतारावर) पकड देणारा मऊ रबरी तळवा महत्त्वाचा. बुटाच्या किमतीचा पकडीशी फारसा संबंध नाही, पुण्यातल्या बऱ्याच जुन्या ट्रेकरांच्या पायात साधे, देशी बनावटीचे ट्रेकिंग बूटच दिसतात. उतारावर बोटं पुढे आदळू नयेत म्हणून जाड मोज्यांसकट अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नवे बूट निदान ३० किलोमीटर चालून मगच मुक्कामी न्या.

माळ्यावर दोन-तीन वर्षं पडून असलेल्या बुटांवर विश्वास नको. तळव्यातला फोम हवेतल्या दमटपणाने कुजतो आणि बूट वरून नवे दिसत असतानाच तळवा सुटून हातात येतो. घरीच तळवा दोन्ही हातांनी पिळून बघा. वाटेत सुटलाच तर केबल टाय किंवा बारीक दोरीने पुढे-मागे दोन ठिकाणी बांधा. चिकटपट्टी मुरमाड वाटेवर अर्धा तासही टिकत नाही.

कातळावर तंबूच्या खुंट्या ठोकता येत नाहीत. मग?

खुंट्या वाकवण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक दोरीला फासा करून नारळाएवढा दगड बांधा आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड ठेवा. वाऱ्याने दोरी ओढली की लहान दगड मोठ्याला अडतो. दोरी थेट धारदार दगडाला घासू देऊ नका, रात्रभरात कापली जाते. गडावर असाल तर दगड पडझड झालेल्या वाड्या-तटांतले उचलायचे नाहीत, आणि वापरलेले दगड सकाळी जागच्या जागी.

दोघांना 'दोन माणसांचा' तंबू सामानासह अपुरा पडतो. तीन माणसांचा घ्या. खाली अंथरायचं कापड तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं तर दव आणि पाऊस त्यावर पडून सगळं पाणी तुमच्या खाली येतं. सकाळी आतून ओलं झालं म्हणजे तंबू गळला असं नाही, ती तुमच्याच श्वासाची वाफ असते. बाहेरचं आवरण ताणून आतल्या कापडापासून वेगळं ठेवा आणि वरची झरोक्याची चेन उघडी राहू द्या. फायबरच्या काठ्या थंडीत तडकतात, त्यासाठी दहा-बारा सेंटिमीटरची धातूची नळी बरोबर असू द्या. तडकलेल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बांधली की रात्र निघते.

जागा निवडताना धारेचा माथा नको, ओढ्याचं कोरडं पात्र नको, एकटं झाड नको आणि कड्याच्या पोटाशीही नको, वरून दगड येतात. आणि सोसायटीच्या गच्चीवर एकदा, दिवे बंद करून, तंबू लावून पाहा.

थंडी किती असते?

पुण्यात शिवाजीनगरला दहा अंश असेल तर पठारावर उंचीमुळे चार-पाच अंशांनी कमी धरा, वारा वेगळा. वारा नसलेल्या रात्री मात्र दरीतला तळ माथ्यापेक्षा गार असतो, कारण जड थंड हवा खाली साचते. त्यामुळे नदीकाठापेक्षा थोडं वर, उतारावरच्या सपाटीला झोपणं उबदार पडतं. पाच अंशांना आरामदायी असलेली स्लीपिंग बॅग पुरते. पाकिटावरचा 'एक्स्ट्रीम' आकडा पाहून घेऊ नका, तो जिवंत राहण्याचा आकडा आहे. मॅटला पर्याय नाही. बॅगेचा अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही. झोपण्याचे कपडे वेगळे, कोरडे ठेवा, आणि चालताना सुती बनियन नको, घामाने ओलं राहतं.

साप चावला तर?

आधी चावू नये याची तजवीज. सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री फिरते आणि उघड्यावर जमिनीवर झोपलेल्यांना चावते. चावा अनेकदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. म्हणून गुहेत किंवा देवळात उघड्यावर झोपण्यापेक्षा चेन लावलेला तंबू बरा, आणि तंबूची चेन दिवसाही बंदच. बूट आत ठेवा, घालण्याआधी झटका. फुरसं दगडाखाली असतं, तेव्हा तंबूसाठी दगड उचलताना बोटं खाली घालू नका, आधी काठीने उलटवा. अंधारात प्रत्येक पावलाला टॉर्च.

चावल्यावर माणसाला झोपवा, अंगठ्या, घड्याळ आणि बूट काढा, चावलेला अवयव काठ्या बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर करा. आवळपट्टी नको, कापणं-चोखणं नको, बर्फ नको, साप मारून न्यायचा खटाटोप नको. चावल्याची वेळ आणि सूज कुठवर आली हे पेनाने अंगावर लिहीत जा. त्याला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन लागताच सर्पदंशाची लस जवळ कुठल्या रुग्णालयात आहे हे विचारा. ती सरकारी रुग्णालयात मिळते, पाठीवर घेऊन फिरण्याची वस्तू नाही. ही लस वरच्या चार सापांवर चालते. हिरवा चापडा हा आणखी एक विषारी साप त्यात येत नाही. त्याचा दंश सहसा जीव घेत नाही, पण दुखणं आणि सूज भयंकर असते, तेव्हा रुग्णालय गाठायचंच.

आणि मधमाश्या?

सापापेक्षा जास्त सावधगिरी इथे हवी, कारण एकाच वेळी सगळ्या गटावर हल्ला होतो. आग्या मोहोळं कड्याच्या कपारींत, लेण्यांच्या कपाळावर लटकलेली असतात. धूर, अत्तर-डिओड्रंटचा वास, आरडाओरडा आणि दगड यांनी ती उठतात. वाट कड्याखालून जात असेल तर वर बघून, गप्प आणि विनागंध जा. उठल्याच तर झटकू नका. डोकं-तोंड झाकून पळा, तंबू जवळ असेल तर आत शिरून चेन लावा, उभ्या वाटेवर मात्र पळताना पडण्याचा धोका मोठा आहे, तिथे तोंड झाकून खाली बसणंच शहाणपणाचं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घोंघावत थांबतात. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून लगेच काढा. दहा-वीसपेक्षा जास्त डंख, ओठ-जीभ सुजणं, धाप, चक्कर यातलं काहीही असेल तर थेट रुग्णालय. ज्याला पूर्वी मधमाशीची तीव्र ॲलर्जी झाली आहे त्याने डॉक्टरांकडून ॲड्रेनलिनबद्दल सल्ला घेतल्याशिवाय अशा वाटेवर येऊ नये.

बिबट्या?

गटाने असाल तर तो तुम्हाला टाळतो. रात्री तंबूबाहेर एकट्याने लांब जाऊ नका, एवढं पुरे. उपद्रव होतो तो माकडांचा आणि उंदरांचा. खाऊ तंबूत ठेवला की तंबू कुरतडला जातो. पिशवी दोरीने झाडाला टांगा.

विजा चमकायला लागल्या तर?

एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस दुपारी तीननंतर गाठतो. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहा आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या. मात्र रेंज नसेल तिथे तेही गप्प. तिथे कानावर अवलंबून राहा. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर धार, बुरूज, एकटं झाड, लोखंडी शिडी आणि रेलिंग सोडून खाली उतरा. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. उथळ गुहेच्या तोंडाशी उभं राहणंही धोक्याचं. उतरता येतच नसेल तर मॅटवर पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

वाट चुकू नये म्हणून काय?

सह्याद्रीत वाटा कमी नाहीत, जास्त आहेत. ढोरवाटा ठळक असतात, मळलेल्या असतात आणि तुम्हाला चाऱ्यापाशी नेऊन सोडतात. ट्रॅक फोनमध्ये आधी उतरवून घ्या, नकाशा ऑफलाइन करा, पण नाळा आणि कड्यांखाली जीपीएस पन्नास-शंभर मीटर भरकटतं, आणि तिथे पन्नास मीटर म्हणजे वेगळी घळ. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशाची छापील प्रत पिशवीत असावी. वाट उतरत उतरत अंधाऱ्या, कातळ लागणाऱ्या घळीत जायला लागली तर तिथेच थांबून शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत वर या. उडी मारून एक टप्पा उतरलं की परतीची वाट बंद होते, आणि अडकलेल्यांची गोष्ट बहुधा इथूनच सुरू होते.

अनोळखी घाटवाटेला गावातला वाटाड्या घ्या. दर आधी विचारा, ठरलेले पैसे द्या, त्याच्या जेवणाचा आणि परतीच्या प्रवासाचा हिशेब धरा. मामा-मावशी म्हणून दोन शब्द बोललात तर पाण्याची आणि वाटेची खरी खबर आपसूक मिळते. वेळेचा अंदाज बांधताना भरल्या सॅकने तासाला ३०० मीटर चढ धरा, आणि उतरायला कमी वेळ लागेल असं नाळेत तरी समजू नका.

फोन, पॉवर बँक, सॅटेलाइट यंत्र?

फोन विमान मोडवर. रेंज शोधत राहिला की बॅटरी निम्म्या वेळात जाते. १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच देते, म्हणजे आजच्या फोनची सव्वा वेळ चार्जिंग. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारी परदेशी यंत्रं परवान्याशिवाय भारतात वापरता येत नाहीत, नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेलं असलं तरी घरी ठेवा. हेडटॉर्च माणशी एक, जादा सेलसह. शिट्टी गळ्यात. मिनिटाला सहा वेळा फुंकणं ही संकटाची खूण.

पुण्यात राहून सराव कसा करावा?

सहा आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्यात दोनदा वेताळ टेकडी किंवा तळजाई, आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, साधारण ६०० मीटरचा चढ. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी दहा किलो वजन. वर पोचल्यावर पाणी ओतून द्या, उतरताना गुडघे वाचतात. पूर्ण वजनाने दोन तासांच्या आत सिंहगड चढून दम खाऊन बोलता येत असेल तर तयारी झाली. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रात्रीची चाल टॉर्चच्या उजेडात चालण्याच्या सवयीसाठी चांगली, पण पाण्याची सोय तिथेही पाठीवरच.

प्रथमोपचार पेटीत काय?

१० सेंटिमीटर रुंदीच्या दोन क्रेप पट्ट्या, त्रिकोणी पट्टी, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, चिमटा, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, ओआरएसची पाकिटं माणशी तीन, आणि ज्याची त्याची रोजची औषधं दुप्पट. ओआरएस संपलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

घरी काय सांगून जायचं?

कागदावर: सगळ्यांची नावं, रक्तगट, गाडीचा क्रमांक, वाट, मुक्कामाची जागा, वाटाड्याचं नाव आणि दोन वेळा. एक परतण्याची आणि दुसरी त्याहून पाच-सहा तासांनंतरची, जी उलटली की घरच्यांनी फोन करायचा. कुणाला तेही लिहा: ११२, वनविभागाचा १९२६, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्यापूर्वीच काढून कागदावर उतरवा. अपघात झाला तर एकाने जखमीपाशी थांबायचं आणि दोघांनी मिळून रेंजकडे जायचं. म्हणून आडवाटेवर चारपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

शौचाला आणि पाळीच्या दिवसांत काय?

पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. टाक्याच्या वरच्या उताराला कधीही नाही. टिश्यू, ओले वाइप्स आणि पॅड पुरायचे नाहीत, डुकरं आणि कोल्हे उकरतात. काळ्या दुहेरी पिशवीत घालून परत आणा.

परत आल्यावर लगेच काय करावं?

तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आठवड्याभरात बुरशी धरते. गच्चीवर सावलीत दोन दिवस वाळवा. अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे गोचीड आहे का ते तपासा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडेपेटी नको. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, विशेषतः अंगावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला, तर डॉक्टरांना 'जंगलात राहून आलो' हे पहिल्याच वाक्यात सांगा. तो स्क्रब टायफस असू शकतो. वेळेवर ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो, डेंग्यू समजून वाट पाहत बसलं तर गुंतागुंत वाढते.